सभेत आणलेला देवमाशाचा दात

सुवा, १४ ऑगस्ट

सेमी,

आशीर्वाद लिहिते आहे तो मोठ्या बहिणीची सवय म्हणून. तू त्याला लायक आहेस असं समजू नकोस.

मी बरी आहे. कंदावूच्या आपल्या गावाहून बोटीनं आईनं दालोचे कंद पाठवलेत, निम्मे तुझे आहेत. आमच्या युनियनची चिटणीस शांता गौंडर हिच्याकडे ठेवलेत, येऊन ने. तुझा निरोपही शांतानंच दिला. कुलगुरूंनी आता तुझीच जागा रद्द केली म्हणे, आणि युनियननं तुझ्या बाजूनं उभं राहावं अशी तुझी इच्छा आहे. सांगताना तिला हसू आवरेना. "बघा बाई, साहेब आपल्याच दारात आले," म्हणाली.

कमिटी उद्या ठरवणार आहे. माझं मत मागितलंय. ते सांगण्याआधी मी तुला चार गोष्टी सुनावणार आहे आणि त्या वाचल्याशिवाय तुझी सुटका नाही.

कुलगुरू डॉ. ब्रॅम्वेलनी आम्हाला सभागृहात बोलावलं तेव्हा तू कर्मचारी खात्याचा प्रमुख म्हणून त्यांच्या शेजारी उभा होतास, नवा टाय लावून. साठ माणसांना घरी बसवायचं होतं. ते म्हणाले, विद्यापीठ 'हलकं' करायचंय! मग ऑकलंडहून एक बाई आणली आणि तिनं आम्हाला खोल श्वास घ्यायला शिकवलं. पोटावर हात ठेवून! जन्मभर समुद्रशास्त्र शिकवलेली माणसं पोटावर हात ठेवून बसली होती, आणि तू दारात उभा राहून कोण ठेवत नाही ते बघत होतास. मला तुझी लाज वाटली नाही रे, किळस आली.

आम्ही युनियन केली. निम्म्याहून जास्त लोक सभासद झाले. तुमचं उत्तर काय, तर विद्यापीठ असल्या कुठल्याही युनियनला ओळखत नाही. शांता म्हणाली, "ओळखत नाहीत? मग घरी कोणाला पाठवताय, भुतांना?" शेवटी मान्यतेसाठी सरकारी अधिकाऱ्यांसमोर मतदान घ्यायचं ठरलं आणि तुमची धावाधाव सुरू झाली.

इथवर सगळं नेहमीचंच. साहेबांनी साहेबी करावी, त्यात काय नवल?

पण मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी युनियनच्या सभेत आम्ही चटयांवर बसलो होतो, यंगोना प्यायची वाटी फिरत होती, आणि तू आलास. सुलू नेसून, अनवाणी, वाकून, हातात देवमाशाचा दात. गुडघे टेकलेस. काय तो आवाज, मधात बुडवलेला! "आमच्या हातून तुम्ही दुखावलात. हा दात घ्या आणि सगळं इथेच पुरून टाका. मतदानही आणि मागणीही. आपण एक घर आहोत, घरात युनियन कशाला?"

दात घेतला की माफी दिली, आणि माफी दिली की त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. नको म्हणायचं तर ते अध्यक्षानं, म्हणजे मी. आणि आपल्या गावात सख्ख्या बहीण-भावानं तोंडावर बोलायचं नसतं. कळत्या वयापासून आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. ताटात मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागितलं. म्हणजे मी गप्प बसणार, आमच्या वतीनं समारंभाचं बोलणारे म्हातारे आपिसाई काका दाताचा मान राखायला हात पुढे करणार, आणि काम फत्ते. ब्रॅम्वेलच्या डोक्यात हे येणं शक्य नाही. त्याच्या लेखी तो दात म्हणजे भिंतीवरची शोभा. हे डोकं आपल्या घरचं.

आणि दातही आपल्या घरचा. ती काथ्याची दोरी बाबांनी वळलेली, मी ओळखणार नाही असं वाटलं तुला? दुसऱ्या दिवशी गावी फोन केला तेव्हा बाकीचं कळलं. लग्नाची मागणी घालायला दात हवाय असं तू आईला सांगितलंस. सेमी, ती सुनेसाठी चटई विणायला बसली आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपत विणते. शेजारणी मुलीचं नाव विचारतात तर म्हणते, सेमी सांगेल तेव्हा सांगेल.

आपिसाई काकांचा हात निघाला होता. तेव्हा मी बोलले. "सेमी, दात उचल आणि घरी जा. माणसं अजून काढायची आहेत आणि माफी आधीच मागतोस?" बायकांनी तोंडावर हात ठेवले. काकांनी आपला हात मागे घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. लोक म्हणतात, वासिती मोठी धीट. धीट कसली! तू गेल्यावर मी मागच्या नळाखाली तोंड धरलं आणि हमसून हमसून रडले. कळायला लागल्यापासून भावाशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते, आणि ते तू मला बोलायला लावलंस. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

मंगळवारी मतदान झालं. आम्ही जिंकलो, मान्यता मिळाली. बुधवारी साहेबांनी तुला हलकं केलं. दात परत घेऊन आलेला माणूस त्यांना कशाला हवा?

आता माझं मत. कमिटीतल्या निम्म्यांना तुला रस्त्यावर आलेलं बघायचं आहे. मलाही. पण असं एका चिठ्ठीनं कोणालाही घरी पाठवता येणार नाही, हेच तर आम्ही एवढे महिने ओरडत होतो. तुझ्यापाशी येऊन आमचा आवाज बसला, तर ब्रॅम्वेल म्हणेल, बघा, ही फक्त लाडक्यांची युनियन. तेव्हा मान्यता मिळाल्यानंतरचं पहिलं भांडण आम्ही तुझ्यासाठी भांडावं, असं मी उद्या सांगणार आहे. ते माझं ऐकतील. सोमवारी मी त्या माणसासमोर बसेन आणि तुझं नाव घेईन, श्री. लावून. जीभ जड होईल, पण घेईन.

त्याआधी शनिवारच्या बोटीनं गावी जा. दात आईच्या हातात दे, आणि सून नाही हे तिच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडानं सांग. ते काम कुठलीही युनियन तुझ्यासाठी करणार नाही.

तुझी बहीण, आणि नाइलाजानं तुझी अध्यक्ष,
वासिती