दोन राजे आणि एक हुनबर्ट

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस
आजपासून रोजनिशी. योर्विक शहराच्या टाकसाळीत लिहिता येणारा मी एकटाच. न लिहिणं म्हणजे पुढच्या पिढ्यांवर अन्याय. नाण्याच्या एका बाजूला राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि पाडणाऱ्याचं, म्हणजे माझं: हुनबर्ट. आजवर राजाची बाजू चारदा बदलली. माझी? एकदाही नाही. खरं राज्य कुणाचं, हे मी आपल्या तोंडाने कशाला सांगू!
बायकोला सांगितलं. गुन्वर म्हणाली, राज्य करून झालं असेल तर डुकराला घालून या.

१४ नोव्हेंबर
दक्षिणेचा राजा बेर्नवाल शहरात शिरला. कालपर्यंतचा आमचा राजा, दर्यावर्दी स्वेर्क, होडीतून पळाला. नाण्यांसाठी बेर्नवालचा ठसा कोरला. चेहरा स्वेर्कचाच, नाव तेवढं बदललं. रुबाब सगळ्या राजांना सारखाच शोभतो.
संकल्प: बियर फक्त रविवारी.

१९ नोव्हेंबर
बियर घेतली. थंडी होती.
शेजारच्या भट्टीवरचा फ्रोटगार अक्षरशत्रू. त्याचे ठसेही मीच कोरतो. चांदीत तो हळूच शिसं ढकलतो. मी कधीच नाही. एक तर तत्त्व. दुसरं, खोट्या नाण्याबद्दल उजवा हात तोडून टाकसाळीच्या दारावर ठोकतात.

२३ नोव्हेंबर, संत क्लेमेंटचा दिवस
पहाटे स्वेर्क परत! संध्याकाळच्या आत नाणी हवीत म्हणे. काल सणाची तयारी म्हणून थोडी बियर झाली होती, तरी हात विजेसारखा चालला. सगळी नाणी वेळेत रवाना.

२४ नोव्हेंबर
माझ्या खिशात राहून गेलेलं एक नाणं गुन्वरने उलटंपालटं करून पाहिलं. विचारते, दोन्हीकडे राजाच कसा हो, तुमचा क्रूस कुठे गेला?
बेर्नवालचा ठसा खाली तसाच राहिला होता. वर माझ्या नावाच्या ठशाऐवजी मी स्वेर्कचा धरला. एका नाण्यावर दोन वैरी. हाताकडे बघत बसलो.

२५ नोव्हेंबर
नीट विचार केला. त्या नाण्यांवर माझं नाव कुठेच नाही! मग ती माझी कशी? ही चूक नसून दूरदृष्टी होती. कुणी विचारलं तर ठाम नकार. गुन्वरसमोर सराव केला. ती म्हणाली, आवाज जरा कमी कापू द्या.

२८ नोव्हेंबर
स्वेर्कच्या खजिनदाराने, उल्फकेलने, टाकसाळीतल्या सगळ्यांना बोलावलं. हातात तेच नाणं. त्याने ते वाकवलं, चाकूने खरवडलं, दाताखाली धरलं, सरळ दोन तुकडे करून तराजूत टाकलं. त्यावरच्या राजांकडे पाहिलंसुद्धा नाही. मग विचारलं, हे कुणी पाडलं?
मी सापळा ओळखला. सर्वांत आधी, सर्वांत मोठ्याने सांगितलं: मी नाही.
फ्रोटगार म्हणाला, मी.
उल्फकेल म्हणाला, इतकी सचोटीची चांदी वर्षभरात पाहिली नाही. टाकसाळीचा मुख्य आजपासून तू.
मी तोंड उघडलं. उल्फकेलने मला आठवण करून दिली की मी आत्ताच नाही म्हणालो होतो.

३० नोव्हेंबर, संत अँड्र्यूचा दिवस
नवा हुकूम: शहरात एकाच मुख्याच्या नावाची नाणी. माझे ठसे वितळवले. नवे मीच कोरायचे, कारण इथे अक्षर येतं ते मला एकट्याला.
दिवसभर फ्रोटगारचं नाव कोरलं. त्याने ठसा उलटा धरून पाहिला आणि छान म्हणाला.
गुन्वर म्हणते, हात वाचला ना?
वाचला. त्याच हाताने फ्रोटगारचं नाव कोरलं.