माझी साखर, माझं सॉफ्टवेअर

१२ जुलै, शनिवार
आदितीने पुण्याहून पाठवलेला सेन्सर आज दंडावर चिकटवला. रोज बोट टोचायची कटकट संपली. साखर थेट मोबाईलवर दिसते. माझ्या, बायकोच्या म्हणजे त्रिशलाच्या, आणि पुण्यात आदितीच्याही. लेक असावी तर अशी. संकल्प: गोड बंद. उद्यापासून नव्हे, आजपासून.

१३ जुलै
कंपनीचं अ‍ॅप उद्धट आहे. राजारामपुरीत थोडं कॉकटेल आईस्क्रीम घेतलं (ग्लास लहान होता), तर भर दुकानात बोंबलायला लागलं. लगेच आदितीचा फोन, पप्पा, काय खाल्लं? म्हणालो, काकडी.

१५ जुलै
शांतपणे विचार केला. दंड माझा, साखर माझ्या रक्तातली. मग कधी बोंबलायचं हे ठरवणारी कंपनी कोण? शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो मी. गावाचे प्रिंटर सरळ करतो, मग स्वतःचं अ‍ॅप का नाही? पेशंटला सॉफ्टवेअर बदलायचं स्वातंत्र्य हवंच. एका ग्रुपवर बदललेलं अ‍ॅप मिळालं. टाकलं. फक्त आवाज बंद केला. तत्त्वाचा प्रश्न होता.

२२ जुलै
त्या अ‍ॅपमध्ये ‘करेक्शन’ची सोय आहे. सेन्सर जरा जास्तच दाखवतो असा माझा अंदाज. चाळीस वजा केले. अंदाजाला आधार: मला बरं वाटतंय.

३० जुलै
चाळीस पुरेनात. थोडं कोडिंग केलं. आता काहीही खा, आकडा हिरव्या पट्ट्यातच डुलतो. जरा वर, जरा खाली, खरा वाटावा म्हणून. कामात कसूर नको.

संध्याकाळी त्रिशलाने ग्राफ बघितला आणि तिचे डोळे भरून आले. देवच पावला म्हणाली. तशीच बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, देवापुढे जाऊन नियम घेऊन आली. भादव्यापर्यंत पट्टा असाच हिरवा राहिला तर दशलक्षण पर्वात दहाही दिवस उपवास. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बस्स. म्हणालो, यंत्र माझं, साखर माझी, उपवास तुला कशाला? तर म्हणाली, यंत्र तुमचं असंल, पर माणूस माझा हाय की.

जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
डॉ. राजनंदिनींनी ग्राफ बराच वेळ बघितला. म्हणाल्या, एवढी शहाणी साखर मी अजून बघितली नाही. अ‍ॅपमध्ये काही बदललं असेल तर सांगा. बदलायला माझी हरकत नाही, लपवायला आहे. मी म्हणालो, कारल्याचा रस. घरात कारलं मार्चपासून आलेलं नाही. रक्त तपासायला चिठ्ठी दिली. शनिवारी लॅब बंद असते, असं त्रिशलाला सांगितलं. लॅब उघडी होती.

२० ऑगस्ट
रोज सकाळी ती आधी माझा ग्राफ बघते, मग चहा ठेवते. बघून हसते. त्या हसण्याने घास उतरत नाही. ठरलं. पर्वाच्या आधी सगळं सांगून टाकायचं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
सांगणारच होतो. तेवढ्यात शेजारून गणपतीचे मोदक आले. तोंडात मोदक असताना असलं बोलणं बरं दिसत नाही.

२८ ऑगस्ट
तिचे उपवास सुरू झाले. मी हलकं जेवलो.

३० ऑगस्ट
पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जव. म्हणजे सरळपणा. पंडितजी सगळं प्रवचन माझ्याकडे बघून देत होते. उठून खांबामागे बसलो, तिथेही ऐकू येतं. येताना त्रिशला जिन्यात दोनदा थांबली. कठड्याला धरून हसली आणि म्हणाली, काय न्हाय, जरा अंधारी आली. मी नालायक माणूस आहे. (हे तात्पुरतं.)

३१ ऑगस्ट
युक्ती सुचली! कंपनीचं मूळ अ‍ॅप परत टाकायचं. आकडे चढले की अट मोडली, अट मोडली की उपवास सुटले. कबुलीची गरजच नाही. आणि शिवाय हा सरळपणाच.

१ सप्टेंबर
सकाळी ९: मूळ अ‍ॅप टाकलं. आकडा २८७. मीच घाबरलो. दीड महिन्यात खरी साखर मीही बघितली नव्हती.

९.१०: आदिती फोनवर रडली.

९.३०: त्रिशला रागावली नाही. म्हणाली, माझ्याच व्रतात खोट ऱ्हायली असंल. आजपास्नं पाणीबी सोडते.

दुपारी १: ओठ सुकलेत तिचे. विनवलं, ऐकत नाही. बदललेलं अ‍ॅप परत टाकलं.

१.१५: ११८. मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने हात जोडले, मग पाणी घेतलं. तांब्या मीच धरला होता.

७ सप्टेंबर
तिचं पारणं झालं. बस्तीत सत्कार केला, हार घातला. चेहरा एवढासा झालाय. चारचौघं मला म्हणाली, नशीबवान हायसा. लाज वाटली, खरोखर वाटली. उद्या क्षमावाणी. सगळे एकमेकांची क्षमा मागतात, याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. वाक्य पाठ केलं: त्रिशला, आकडे खोटे होते.

८ सप्टेंबर, क्षमावाणी
आंघोळ करून तिच्यासमोर उभा राहिलो, हात जोडले. सुरुवात रीतीप्रमाणे केली, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी. ‘जाणता’ मुद्दाम जोरात म्हणालो. पुढचं वाक्य ओठांवर होतं.

तेवढ्यात तीच रडायला लागली. म्हणाली, माझंच लई चुकलं. त्या दिवशी आकडा चढला तवा मनात आलतं की तुम्ही चोरून गोड खाताय आणि मोबाईलमधी कायतरी करून आम्हास्नी फसवताय. उपासात असला संशय घेतला मी तुमच्यावर. मला क्षमा करा.

मी क्षमा केली.