तीन पंख्यांचं कार्ड

प्रिय दादा,

कागद बघून घाबरू नकोस, घरी सगळे मजेत आहेत. मराठीत लिहायची सवय गेलीये, तेव्हा र्‍हस्व-दीर्घ सांभाळून घे.

तू ग्रुपवर टाकलेला फोटो बघितला. टेबलभर खोके आणि मागे होणारी वहिनी, केबिनेटचा खोका मिठीत घेऊन. खाली तू लिहिलंयस, ‘गेमिंग पीसीचे सगळे पार्ट्स हिने निवडले.’ सगळ्यांनी हार्ट टाकलं, मीपण टाकलं. मग फोन उशीखाली सरकवला आणि जेवायला गेलेच नाही. बाहेरून आईचा आवाज आला, लग्न त्याचं ठरलंय, तोंड हिचं का उतरलंय? बाबा म्हणाले, भूक लागली की येईल आपोआप.

तुझ्या कॉटवर बसून आपण पुठ्ठ्याचे पीसी बनवायचो, आठवतं? खऱ्या पार्ट्सची मापं नेटवरून घ्यायची, पुठ्ठा कापायचा आणि बुटांच्या खोक्यात बसतो का बघायचं. ग्राफिक्स कार्ड नेहमी मी कापायचे, कारण तुझी कात्री वाकडी जायची. एकदा आईने आपलं अख्खं केबिनेट रद्दीत दिलं, वर म्हणते, खोकाच होता ना? किती बजेट बिल्ड पूर्ण केले आपण, एकही चालू झाला नाही. नोकरी लागली की पहिला खरा पीसी दोघं मिळून बांधू, असं तूच म्हणालेलास. मी मागे लागले नव्हते. आणि आता तो पीसी तुझी ही दातांची डॉक्टर बांधणार.

म्हणून मी फोटो झूम करून तिच्या चुका शोधत बसले. वाटलं, लाइटवाले पंखे घेतले असतील, दिखाऊ. नव्हते. रॅमची एकच पट्टी असेल. नाही, दोन, जोडीने फास्ट चालणाऱ्या. पॉवर सप्लायवर तर सगळे नवखे पैसे वाचवतात आणि मग रडतात. तिने तिथे चांगला घेतला, प्रोसेसर मधलाच ठेवला आणि वाचलेलं सगळं कार्डात घातलं. मीपण डिट्टो हेच केलं असतं. त्याचाच जास्त राग आला. हे तिला कुणी शिकवलं? तूच ना? ते आपलं होतं रे.

मग सापडलं. केबिनेट छोटं, गोंडस. कार्ड मात्र लांबलचक, तीन पंख्यांचं. दोन्हींची मापं काढली, पुठ्ठा कापला, लावून बघितला. दोन बोटं बाहेर. बसणारच नाही. मला इतका आनंद झाला की मी उठून जेवायला गेले आणि दोनदा वाढून घेतलं. आई बघतच राहिली.

ठरवलं होतं, गप्प बसायचं. पुढच्या रविवारी तिचे आईबाबा तुझ्याकडे येतील, त्यांच्यासमोर तुम्ही कार्ड लावायला घ्याल, ते अडकेल आणि तू फोन करशील, मलाच. काय बोलायचं तेपण पाठ केलं. पण पाठ करताना प्रत्येक वेळी ती दिसायची, हातात कार्ड घेऊन, आईबाबांसमोर कानकोंडी झालेली. ते काही मला आवडेना. अजून ती आवडते असं नाही म्हणत मी. ग्रुपवर लिहिलं तर सगळे वाचतील, आणि तू हल्ली फोन स्पीकरवर ठेवतोस, म्हणून हा कागद. केबिनेटचं सील फोडू नका, दुकानदार बदलून देईल. तू फक्त सहज म्हण, एकदा मोजून बघूया का, आणि टेप तिच्या हातात दे. तिचं तिलाच सापडू दे. मी सांगितलं हे तिला कधीच कळता कामा नये, लग्नानंतरसुद्धा. एवढं एक तरी आपल्या दोघांत राहू दे.

तुझीच,
शेंडेफळ