सैल बिजागरीची झडप

मी, नईमाबी, मरहूम शेख कुर्बान यांची पत्नी, वय सदुसष्ट, धंदा फुटव्हॉल्व्ह बनविणे, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहिते. कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. माझ्यावर दाब टाकून पाहणारे झाले, त्यांचे काय झाले ते त्यांना विचारा. प्रकृती ठणठणीत आहे, फक्त गुडघे कुरकुरतात.

एक. माझे वारस दोन. मुलगा साजिद, आणि मुलगी नगमा, जी लग्न होऊन अमरावतीला असते. स्टेशनामागचे राहते घर आणि बँकेतली ठेव दोघांना शरियतप्रमाणे मिळेल. साजिदवर माझा राग आहे, पण तो माझा मुलगा आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. त्याच्या हिश्श्याला मी हात लावणार नाही. माझ्या साड्या नगमाने न्याव्यात. भट्टीजवळ नेसायच्या साड्यांना ठिणग्यांची भोके आहेत, नंतर तक्रार चालणार नाही.

दोन. कुर्बान यांचे कॅलिपर साजिदला. त्याने ते वापरावे. नुसते कपाटात ठेवून बापाची आठवण म्हणून पाहुण्यांना दाखवू नये.

तीन. आता झडपेविषयी, कारण सगळे भांडण तिचेच आहे. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह बसवतात. पंप थांबला की त्याची झडप मिटते आणि पाइपातले पाणी परत विहिरीत जात नाही. झडप गळली तर पाइप रिकामा होतो, आणि लाइट आली की मोटार कोरडीच फिरून जळते. आमच्याकडचे शेतकरी यावर पंपात शेणकाला ओततात. शेण फट बुजवते खरे, पण त्याच्यासोबत गोठ्यातली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी जाते आणि झडपेच्या तोंडात अडकून बसते. मग चार माणसे लावून अख्खा पाइप वर काढा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेणकाला ओता.

बिजागरी घट्टच हवी, असे कुर्बान म्हणत. सगळा बाजार म्हणे. पण घट्ट बिजागरीची झडप काडीवर टेकली की वाकडीच राहते. मी बिजागरी सैल केली, झडप जिच्यावर टेकते ती बैठक उतरती केली आणि झडपेला बांधलेली साखळी विहिरीच्या काठापर्यंत वर आणली. साखळी ओढली की झडप हलते, काडी सुटते, आणि सैल असल्यामुळे झडप हंडीवरच्या झाकणासारखी आपली जागा शोधून बसते. कुर्बान हसले होते. पुढच्या हंगामात त्यांनीच त्या व्हॉल्व्हवर स्वतःचे नाव ओतले. माझे नाव कशावरच नाही. 'असो' म्हणून मी हे सोडणार नाही, मला ते अजून लागते. मात्र कारखान्याची जागा निकाहात मिळालेल्या माझ्या मेहेरच्या पैशातून घेतलेली आहे आणि खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर आहे. यंत्रे आणि व्हॉल्व्ह ओतायचे फर्मेही माझेच. हे सर्वांनी नीट वाचावे.

चार. आमची एक रीत आहे. प्रत्येक व्हॉल्व्ह पाइपाला जोडायचा, पाइप पाण्याने काठोकाठ भरायचा आणि रात्रभर उभा ठेवायचा. सकाळी पाणी काठालाच असेल तर माल बाहेर जातो, नाही तर परत भट्टीत. मागल्या वर्षी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने मोठी मागणी आणली. त्याचे नाव लिहून कागद विटाळत नाही. त्याला पातळ झडप हवी होती, साखळी नको होती, आणि रात्रभर थांबायला वेळ नव्हता. साजिद भुलला. मी नगमाकडे गेले असताना त्याने माल करून टेम्पोत भरला. माझी सून तहरीम हिने तो सगळा उतरवून पाण्यावर उभा केला. सकाळी निम्म्याहून जास्त पाइप रिकामे होते. गळलेले व्हॉल्व्ह तिने घणाने फोडले.

मी परत आले तेव्हा अंगणात तमाशा चालला होता. चांदूर बाजारचे जानराव, आमचे जुने गिऱ्हाईक, संत्र्याच्या बागेसाठी माल न्यायला आले होते. त्यांच्यासमोर साजिद तहरीमवर ओरडत होता, "तुले कोनं सांगतलं होतं? धंदा मी करून राहिलो का तू? जाय बाळापूरले, आपल्या मायरी!"

जानराव म्हणाले, "जाईन ना ते. पन मंग माह्या विहिरीतला व्हॉल्व्ह कोन बनवीन, तू? मांगं तू नमुना म्हनून देल्ली त्या पातळ झडपेनं माही मोटार जाळली, बापू."

तहरीमने घण खाली ठेवला नाही. "मी काहून जाऊ? भट्टी पेटून राहिली," एवढेच म्हणाली. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून साजिदचा एकच हेका आहे. मी डोळे मिटले की फर्मे त्या व्यापाऱ्याला विकायचे आणि तहरीमला बाळापूरला धाडायचे. हे त्याने मला तोंडावर सांगितले.

पाच. म्हणून कारखाना तहरीमला लिहून द्यायचे माझ्या मनात होते. सून वारस नसते, त्यामुळे मृत्युपत्राने तिला देता येते. पण आमच्या कायद्यात मृत्युपत्र मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच चालते, पुढे वारसांची संमती लागते. साजिदने हे वकिलाला विचारून ठेवले. जेवताना म्हणाला, "अम्मी, कारखाना तिसऱ्या हिश्शात बसत नाही. लिहा तुमाले काय लिहाचं ते." मुलगा हुशार आहे, माझ्यावर गेला आहे.

सहा. माझ्या दफनाच्या दिवशी भट्टी बंद ठेवू नये. पाण्यावर उभा असलेला माल कोणी मोकळा करू नये. बाईमाणसाने लोखंडात आयुष्य घालवले असे मातीला आलेल्यांपैकी कोणी म्हटले, तर त्याला चहा देऊ नये.

सात. साजिदने वकिलाला अर्धेच विचारले. मेल्यानंतर मला तिसऱ्या हिश्श्याचीच मुभा आहे. जिवंतपणी, धडधाकट असताना, मी माझे सगळे कोणालाही देऊ शकते. फक्त दिलेली वस्तू ताब्यात द्यावी लागते. त्याला हिबा म्हणतात. आज सकाळी मी डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखला घेतला आणि खालील दोन साक्षीदारांसमोर जागा, भट्टी, लेथ, फर्मे आणि पाण्याचा हौद तहरीमला दिला. किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि मी बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. ती साजिदची बायको राहिली तरी कारखाना तिचा, न राहिली तरी तिचा. साजिदला तिथे काम हवे असेल तर त्याने तिला विचारावे.

तेव्हा कारखाना या मृत्युपत्रात नाही. तो आता माझाच नाही, तर तिसरा हिस्सा कशाचा काढता?

वरचे सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

(सही) नईमाबी शेख कुर्बान

साक्षीदार:
(सही) जानराव पुंजाराम वानखडे, शेती, चांदूर बाजार
(सही) वच्छला देविदास इंगळे, साचे भरणारी, मूर्तिजापूर

मूर्तिजापूर, दिनांक १२ फेब्रुवारी २०२५

हिबा कबूल. ताबा घेतला. कुलूप बदलले.
(सही) तहरीम