न वाजणारा वटवट्या

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचं पोट आणि त्यांच्या कानातलं नवं यंत्र, तिघांचीही प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. फोन न करता पत्र लिहितोय याला कारण तुमचा फोन. गेले काही महिने तू पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतेस. कुणाला तरी दाखवून घे. (मी विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा, फोनमधलं मला कळत नाही.)

आपल्या घरात ना पैसा होता ना ओळखी. मला मिळाले ते दोन कान, आणि दुकान मी त्यांच्यावरच उभं केलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतली एकेक गोळी आपलं दुखणं सांगते. गिऱ्हाईक येतं ते माझ्या एका 'हं'साठी. हे तुला नव्याने सांगायला नको, पण पुढचं समजायला लागेल.

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, आणि हिने मला पक्षी बघणाऱ्यांच्या टोळीत नेऊन घातलं. टोळीच्या म्होरक्या म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचा नियम असा, की आधी पक्ष्याचा आकार बघा, चोच बघा, शेपूट बघा, कुठे बसलाय आणि काय करतोय ते बघा, मग तोंड उघडा. मी सगळं बघून तोंड उघडलं. म्हटलं, तळ्याकाठच्या उंच गवतात तपकिरी पक्षी आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या बॉडीला दीड हॉर्सपॉवरचं शेपूट बसवलंय आणि फिटिंग सैल आहे, कारण ते सारखं हलतंय. बाई म्हणाल्या, हा वटवट्या. वर्णन चुकलेलं नाही, पण पुन्हा असं करू नका.

इथवर ठीक होतं. पण त्या चालता चालता मध्येच बोट वर करतात. सगळे थबकतात. बँकेतून निवृत्त झालेले साहेब डोळे मिटून घेतात, दातांचे डॉक्टर मान डोलावतात, ही गालात हसते. मला वारा ऐकू येतो. आता कावळा, टिटवी, सातभाई मला लख्ख ऐकू येतात (सातभाई तर नको इतके). जे माझ्या कानाला ऐकू येत नाही ते जगात नाही, हे गृहीत धरून मी एक अर्थ काढला: ही सुशिक्षित मंडळी भिडेपोटी एकमेकांना थापा मारतायत. मग मीही क्षणभर थांबून मान हलवायला लागलो. छान जमलं. घरीही उपयोगी पडलं.

पण स्वभाव गप्प बसू देईना. गेल्या खेपेला सगळं शांत असताना मीच बोट वर केलं आणि म्हटलं, ऐका. साहेबांनी डोळे मिटले, डॉक्टरांची मान डोलली. मनात म्हटलं, सापडले. इतक्यात बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वटवट्याच. इतक्या लांबून ओळखलात? कान आहेत तुमचे." आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. ताई, गवताच्या शेंड्यावर तो बसला होता. चोच उघडी, गळा थरथरतोय, शेपूट नाचतंय, सगळा जीव पणाला लावून गातोय. आणि आवाज नाही. वायर तुटलेल्या भोंग्यासारखा.

मी पुष्कळ वेळ बघत राहिलो. शेजारून ही काहीतरी पुटपुटली. मी सवयीने मान हलवून "अगदी बरोबर" म्हणालो. तिने काय विचारलं होतं ते घरी येताना कळलं. "तुम्हाला यातलं काहीच ऐकू येत नाही ना?"

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवाला एक मोटार परत घेऊन आला. मीच 'हं' म्हणून पास केलेली. म्हणे शिट्टी मारते. मागच्या वेळी मी त्याला तुमची खोली घुमते असं सांगून वाटेला लावलं होतं. या वेळी त्याच्यादेखत स्क्रू ड्रायव्हर लावला. आतून वटवट्याच ऐकू आला, म्हणजे काहीच नाही. गिऱ्हाईक माझ्या 'हं'ची वाट बघत उभं होतं. मी म्हटलं, ठेवून जा.

आणि कहर म्हणजे, येत्या रविवारी नव्या मंडळींना नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायला शिकवायचं काम बाईंनी मला दिलंय. ते सांगताना त्या फार हळू बोलल्या. मी मान हलवली होती.

तुझा,
धाकटा

ता. क. फोन दुरुस्तीला टाकू नकोस. तो बरा असावा.

ता. क. २. भाऊजींनी ते यंत्र कुठल्या डॉक्टरांकडून घेतलं? बाहेरून किती दिसतं? बँकवाल्या साहेबांना हवंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना ही दारातून काहीतरी म्हणाली. मी मान हलवली नाही. "पुन्हा सांग" म्हटलं. ती आत आली, समोर बसली आणि पुन्हा सांगितलं. भाऊजींच्या डॉक्टरांची वेळ म्हणे तुम्ही दोघींनी मिळून कधीच घेऊन ठेवलीय, आणि मला विचारलं तेव्हा मी मान हलवून होकार दिला होता. तेव्हा वरची चौकशी रद्द समज. वेळ सोमवारची आहे. रविवार माझा मलाच काढायचाय.