स्नोड्रॉपचे दहा कंद

९ नोव्हेंबर, शनिवार

आले एकदाचे! माझ्या बहिणीने, पूनमने, स्कॉटलंडहून मैत्रिणीच्या हाती स्नोड्रॉपचे कंद धाडले. दहा. लहान कांद्यांसारखे. तिच्या अंगणात ही पांढरी फुलं बर्फातून वर येतात. फोटो पाहून मीच तिच्या मागे लागले होते. आपल्या बुलढाण्याला थंडी पडते, पण तेवढी कुठली? म्हणून आधी सहा आठवडे फ्रिजमध्ये. कागदी पिशवीत ओला भुसा भरून भाजीच्या कप्प्यात ठेवले. सासूबाईंना सांगितलं नाही. म्हणतील, "खायाचं काही लाव वं बाई."

१७ नोव्हेंबर

एकाला बुरशी. फेकला. दिवसातून चारदा पिशवी उघडून बघते आहे!

२५ नोव्हेंबर, सोमवार



काल शेखर आणि मी खामगावला लग्नाला गेलो होतो. दुपारी परत आलो तर सासूबाई मोरीपाशी बसलेल्या. उलट्या थांबेनात. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "काय खाल्लं होतं?" शेखर म्हणाला, "झुणका-भाकर. अन् शेजारच्या सत्यभामाबाईनं कढी देल्ली होती." त्याने कढीवरच बोट ठेवलं.

मी कपडे न्यायला घरी आले. ओट्यावर तपकिरी सालं. पिशवीत नऊच्या जागी पाच कंद! कांदे समजून झुणक्यात तेच चिरले होते.

पूनमला फोन केला. "ताई, ते विषारी असतात! आधी डॉक्टरांना सांग!"

धावत डॉक्टरांकडे गेले. सांगितलं. पण शेखर औषधं आणायला गेला होता तेव्हा. त्याला मीच सांगेन म्हटलं. नाही सांगितलं.

२६ नोव्हेंबर

धोका टळला म्हणतात. सासूबाईंनी दोन घोट पाणी घेतलं.

२७ नोव्हेंबर

शेखर सत्यभामाबाईंच्या फाटकात उभा राहून ओरडला, "काय खाऊ घालून राह्यल्या तुम्ही लोकाईले?" सगळी गल्ली बाहेर आली. त्या हातात डाव घेऊन तशाच उभ्या. नवरा गेल्यापासून डब्यांवर घर चालतं त्यांचं.

मी थर्मास घेऊन मागे उभी होते. तशीच दवाखान्याची वाट धरली!

३० नोव्हेंबर

बँकेतल्या लोकांनी डबे बंद केले. सत्यभामाकाकू नळावर भेटल्या. "दही ताजं होतं पोरी. तुले त माहीत आहे माह्या हातचं."

"हो काकू," म्हटलं. एवढंच! बादली अर्धवट भरलेली तशीच उचलून पळाले.

३ डिसेंबर, मंगळवार

सासूबाई घरी आल्या. मऊ भात खाल्ला. उरलेले पाच कंद मी कुंडीत लावले. फेकवत नाहीत, पाहवतही नाहीत. त्यांनी विचारलं, "काय लावलं?"

"लिली."

किती सहज आलं तोंडातून.

५ डिसेंबर

काकूंनी फाटकावरची "घरगुती डबे मिळतील" ही पाटी काढली. मी खिडकीतून पाहत होते. खिळा निघेना, तर लाटण्याने ठोकत होत्या. शेखरला सांगितलं तर काय होईल? घराबाहेर काढेल? काढू दे! नाही — आधी सासूबाईंना.

६ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं. शेखर कामावर गेल्यावर, सासूबाईंच्या पायांना तेल लावता लावता.

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "मले माहीत आहे. चिरतानाच कांद्याचा वास नाही आला. दवाखान्यात पडल्या पडल्या समजलं."

"मग बोलल्या काऊन नाही, आई?"

"सून आहेस माही. झाकलं तुले." त्यांनी पाय ओढून घेतले. "सत्यभामाले कोन झाकलं?"

आता त्या लुगडं बदलून दारात उभ्या आहेत. दोघी काकूंकडे निघालो आहोत. शेखरला तिथेच बोलावलं आहे.