ज्याने केलं असेल त्याने प्यावं

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकणं बेताचंच, कारण हल्ली कंबर धरते.)

मी इथे ठीक आहे आणि तुम्ही सगळे तिथे ठीक असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? पुतणीला माझा आशीर्वाद सांगा, आता तर ती माझ्यापेक्षा उंच झाली असेल. चष्म्याचं दुकान कसं चाललं आहे ते मी विचारत नाही, कारण ते विचारलं की चालवणाऱ्याचीही चौकशी केल्यासारखं होईल, आणि आमचं बोलणं बंद आहे हे तुम्हाला माहीतच आहे. (तो बरा आहे ना?) अक्षर बारीक आलं आहे त्याबद्दल माफी असावी, घरात कागद दोनच निघाले. तुमचा वाचायचा चष्मा अजून डबीतच झोपलेला असतो का? नाकाला टोचतो म्हणून तुम्ही तो कधी लावला नाहीत, पण एवढ्या पत्रापुरता लावा आणि एकट्याच वाचा. पुढे जे लिहिणार आहे त्यात दारूचा संबंध येतो. दादाच्या कानावर अजिबात जाता कामा नये.

घाबरू नका, मी पिणारा झालेलो नाही. खरं तर सगळी तक्रार तीच आहे, पण ते ओघाने येईल.

त्याचं झालं असं. मी इथे ज्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो, त्याच्या वरच्या मजल्यावर एक दातांचा डॉक्टर बसतो. महिन्यापूर्वी माझी दाढ ठणकायला लागली म्हणून वर गेलो. माणूस बोलका आहे, पण समोरच्याचं तोंड उघडून त्यात हत्यारं घातल्यावरच त्याला बोलायला सुचतं. तुम्ही संध्याकाळी काय करता हो, असं त्याने विचारलं आणि उत्तरासाठी कौतुकाने तोंडातलं सगळं बाहेर काढलं. आता मी काय सांगणार? मी घरी जातो, कुलूप उघडतो, 'आलो' म्हणतो, आणि कुणी काही म्हणत नाही म्हणून कुकर लावतो, हे सांगू? माझ्या तोंडून निघून गेलं की चारदोन मित्र येतात, बसतो, गप्पा होतात, खेळ खेळतो. कसले खेळ, तर म्हटलं पिता पिता खेळायचे. वहिनी, हे मी का म्हणालो ते मला आजतागायत कळलेलं नाही. दाढ बधिर केली होती, डोकंही थोडं बधिर झालं असावं. डॉक्टर एकदम खूश झाला. म्हणाला, मग एकदा आम्हालाही बोलवा की. रविवारी दुपारी मी मोकळाच असतो. एवढ्यावर थांबला नाही, जाता जाता खाली दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईंनाही सांगून गेला की तुमच्या त्या आतल्या गृहस्थांकडे रविवारी पार्टी आहे. बाई चार वर्षं मला 'ते आतले' म्हणूनच ओळखतात. त्या दिवशी पहिल्यांदा पडदा बाजूला सारून आत आल्या आणि मला नीट पाहून गेल्या.

झालं, आता पार्टी देणं भाग होतं. माझ्याकडे सगळं एकेक आहे. एक खुर्ची, एक ताट, एक पेला, एक उशी. (इथे येताना बॅगेत तेवढंच मावलं, आणि तेव्हा मी रागात होतो, रागात माणूस ताटं मोजून घेत नाही.) चार काचेचे ग्लास आणले. दुकानातून डोळे तपासायचं उंच स्टूल मागून आणलं. मग मोबाइलवर मित्रमंडळींत खेळायचे सोपे खेळ शोधले. 'सोपे' हे त्यांचं म्हणणं. पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून मी आठवडाभर तालीम करायचं ठरवलं.

पहिला खेळ नाण्याचा. टेबलावर नाणं आपटायचं, ते उडी मारून ग्लासात पडलं पाहिजे. पडलं तर आपण समोरच्याला प्यायला लावायचं. दोन दिवस नाणं कपाटाखाली, पलंगाखाली आणि एकदा डाळीत पडलं. तिसऱ्या दिवशी मात्र टण्णकन आवाज करून ग्लासात गेलं, आणि मी इतका हरखलो की 'बघितलंस?' म्हणून मागे वळलो. मागे कपाट होतं. नियमाप्रमाणे आता कुणालातरी प्यायला लावायला हवं होतं, तेव्हा कुंडीत पाणी घातलं.

दुसरा खेळ आकड्यांचा. गोल बसून एकेकाने आकडे म्हणत जायचं, सातच्या पाढ्यातला आकडा आला की तो न म्हणता टाळी वाजवायची. चुकेल तो एक घोट घेणार. मी पलंगावर बसून एकटाच सुरू झालो आणि एकदाही न चुकता सहाशेच्या पुढे गेलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकट्याने खेळलं की कुणी गोंधळ घालत नाही, गोंधळ नाही म्हणून चूक नाही, आणि चूक नाही म्हणून घोटही नाही. मी अजूनही पुढे गेलो असतो, पण दार वाजलं. खालच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. वर कसला कार्यक्रम चालू आहे, ते विचारायला आले होते. टाळ्या ऐकू येत होत्या पण भाषण ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं आपले कान गेले. मी त्यांनाही रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

तिसरा खेळ 'मी कधीच नाही'. यात प्रत्येकाने पाळी आली की आपण आयुष्यात कधीच न केलेली एक गोष्ट सांगायची. ज्यांनी ती केली असेल त्यांनी प्यायचं. या खेळाची तालीम काही करता आली नाही. आपणच सांगायचं आणि आपणच केलेलं नसायचं, यात पुढे काय होणार?

तर रविवारी चार वाजता तिघं आली. डॉक्टर आणि बाई बिअर घेऊन, पोस्टमास्तर स्वतःसाठी लिंबाचं सरबत थर्मासमध्ये घेऊन. खुर्ची बाईंना दिली, डॉक्टर पलंगावर बसले, पोस्टमास्तर स्टुलावर चढले आणि शेवटपर्यंत पाय लोंबकळत ठेवून बसले. नाण्याच्या खेळात मी लागोपाठ पाच वेळा नाणं ग्लासात टाकलं. आधी कौतुक झालं, मग तिघं एकमेकांकडे पाहायला लागली. बाईंनी हळूच विचारलं, तुम्ही हे रोज करता का? तेव्हा तो खेळ मी आवरता घेतला. आकड्यांच्या खेळात डॉक्टर चौदालाच चुकले आणि म्हणाले, आम्ही बत्तीसपर्यंतच मोजतो, तेही खालीवर. मग निघाला तो 'मी कधीच नाही'.

वहिनी, या खेळात माझ्यासारखा पटाईत माणूस जगात नसेल. पहिली पाळी माझी. म्हटलं, मी कधीच पोहलो नाही. तिघं प्याली. डॉक्टर म्हणाले, मी कधीच शाळेत नापास झालो नाही. बाई प्याल्या. (पोस्टमास्तरही प्याले, दोनदा. नापास दोनदा झाले होते म्हणून.) पुन्हा माझी पाळी आली. मी कधीच विमानात बसलो नाही. तिघं प्याली. मी कधीच कुणाच्या लग्नात नाचलो नाही. तिघं प्याली. मी कधीच समुद्र पाहिला नाही, मी कधीच मिशी काढली नाही, मी कधीच कुणाला प्रेमपत्र दिलं नाही, मी कधीच न सांगता सुट्टी घेतली नाही. मला आठवायलाही लागत नव्हतं. नळ सोडल्यासारखं एकामागून एक येत होतं. आणि ती तिघं जे जे कधीच केलं नाही म्हणून सांगत होती, तेही मी केलेलं नव्हतं. तासाभरात डॉक्टर पलंगावर आडवे झाले. बाईंचं हसणं थांबेना. पोस्टमास्तर तीनदा खाली जाऊन आले, कारण सरबत झालं तरी शेवटी ते पाणीच. आणि माझा ग्लास काठोकाठ भरलेला, फेस बसून गेलेला. माझ्याच घरात, माझ्याच पार्टीत, मला एक घोट मिळाला नाही.

तेव्हा मला दादाचं वाक्य आठवलं. तुम्हीही त्या दिवशी दुकानात होतात. त्या शिंप्याच्या चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे बसली, त्यामुळे त्याने कोटाची एक बाही चार बोटं लांब कापली, आणि तो कोट घेऊन दुकानात आला. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर दादा मला म्हणाला, तू आयुष्यात काहीएक केलेलं नाहीस. मी म्हटलं, वहीत नंबर तूच उलटा लिहिलास. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, हो. त्याच संध्याकाळी मी बॅग भरली. चार वर्षं मी मनात त्याच्याशी वाद घालतो आहे, आणि त्या रविवारी तीन साक्षीदारांसमोर, पुराव्यानिशी, तोच जिंकला. मला फार एकटं वाटलं, वहिनी. खोलीत चार माणसं असताना इतकं एकटं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. रिकाम्या खोलीची निदान सवय झालेली असते.

मग पोस्टमास्तरांची पाळी आली. ते स्टुलावर ताठ बसले आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, मी कधीच पत्र लिहून ते न टाकता घरात ठेवलं नाही.

मी ग्लास उचलला आणि तळ दिसेपर्यंत प्यालो.

डॉक्टर उठून बसले. बाईंचं हसू थांबलं. त्यांनी विचारलं, किती पत्रं? म्हटलं, एकवीस. कुणाला? म्हटलं, वहिनींना. कपाटात शर्टांखाली आहेत. ती सगळी रडगाणी आहेत, ती तुम्हाला पाठवणार नाही. पण पोस्टमास्तर असे संतापले की जणू मी त्यांच्या पेटीवर थुंकलो होतो. पत्र ही ठेवायची वस्तू आहे का, म्हणाले. नवं लिहा, येत्या शनिवारी दहा वाजता पेटीपाशी मी उभा राहतो, आणि नुसतं टाकून चालणार नाही, आत पडल्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. (त्यांचे कान पाहता याला वेळ लागेल.) जाताना बाईंनी चारही ग्लास धुऊन पालथे घातले. परवा दुकानात त्यांनी मला 'ते आतले' न म्हणता 'अहो एकवीस' अशी हाक मारली. प्रगती आहे.

तर असं हे बाविसावं पत्र. थोरांना नमस्कार, पुतणीला आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

तुमचा धाकटा दीर

ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर फाडू नका. कपाटात ठेवण्यापेक्षा दादाच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलंत तर उडून जाणार नाही.

ता. क. २. त्या शिंप्याचा नंबर वहीत बरोबर लिहिलेला होता. बॅग भरायच्या आधी मी दुकानात जाऊन वही उघडून पाहिली होती. उलटा वाचला तो मी. हे पाहूनही मी गेलो, आणि चार वर्षं सांगितलं नाही. एकवीस पत्रांत हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून ती पाठवली नाहीत.

ता. क. ३. दादा, वहिनींनी चष्मा लावलेला नाही आणि पहिल्या ओळीपासून हे तूच मोठ्याने वाचून दाखवतो आहेस, हे मला माहीत आहे. तूच वाचावंस म्हणूनच अक्षर बारीक काढलं. एवढं शेवटचं मनात वाचलंस तरी चालेल. एक डाव पत्रातून खेळू. माझी पाळी: मी कधीच दुसऱ्याच्या हातचा चष्मा लावलेला नाही. या चार वर्षांत तू लावला असशील तर एक घोट घे, पाण्याचा घे, माझी हरकत नाही. पण नाकावर अजून मी घासलेल्याच काचा असतील, तर त्या आता तुला पुरत नसणार आणि हे तू डोळे बारीक करून वाचत असशील. नवा नंबर कळव. डावा डावीकडे लिही, उजवा उजवीकडे. या वेळी मी दोनदा वाचेन, आणि चष्मा घेऊन स्वतः येईन.